सरासरी साडेपाच, पण साडेपाच कुणीच दिले नाहीत

वाचकाचं पत्र: आम्ही आठ जण दर शनिवारी रात्री एकत्र बसून एखादा भयपट किंवा खऱ्या गुन्ह्यावरचा माहितीपट बघतो आणि दहापैकी गुण देतो. मी, नवरा, नणंद, दोन चुलत दीर आणि माझ्या तीन मैत्रिणी. तक्ता मी ठेवते. हल्ली बघणं कमी आणि भांडण जास्त होतं. धाकट्या दिराला भीती वाटली नाही की तो सरळ दोन गुण देतो, एक मैत्रीण त्याच चित्रपटाला ‘कॅमेरा काय सुंदर आहे’ म्हणून नऊ देते. तक्त्यातल्या दोन ओळी सोबत पाठवतेय. गेल्या महिन्यात तर एका माहितीपटावरून प्रकरण चिघळलं. कोर्टातून निर्दोष सुटलेला माणूसच खुनी आहे असं चौघांनी ठरवून टाकलं आणि धाकट्या दिराने त्याचं खातं शोधून त्याखाली तसं लिहिलंसुद्धा. नणंद त्या रात्री मधेच उठून गेली, ती परत आलेली नाही. गुण देणंच बंद करावं का?

उत्तर:

गुण देणं बंद करू नका, तक्त्याचे रकाने बदला. पण त्याआधी दिराने लिहिलेल्या त्या मजकुराचं काम आजच्या आज करा. त्याला तो काढून टाकायला सांगा, आणि गटातल्या कुणी त्याचा फोटो पुढे पाठवला असेल तर तोही. त्या माणसाला माफीचा लांबलचक निरोप मात्र पाठवू नका. तुम्हाला त्यातून हलकं वाटेल, पण त्याच्यासाठी तो आणखी एक अनोळखी माणूस दारात उभा राहिल्यासारखं आहे.

एवढी घाई कशासाठी, हे दिराला पटवायचं असेल तर आयडाहोचं प्रकरण सांगा. २०२२च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतल्या त्या राज्यात विद्यापीठात शिकणाऱ्या चार विद्यार्थ्यांचे खून झाले. समाजमाध्यमावर गुन्ह्यांचा ‘उलगडा’ करणाऱ्या एका बाईने तिथल्या एका प्राध्यापिकेचं नाव घेऊन व्हिडिओ टाकले. त्या प्राध्यापिकेचा खुनांशी काडीचाही संबंध नव्हता. पोलिसांनी वेगळ्याच माणसाला अटक केली, २०२५मध्ये त्याने गुन्हा कबूल केला आणि त्याला जन्मठेप झाली. प्राध्यापिकेला मात्र मधल्या काळात कोर्टात बदनामीचा दावा लावावा लागला, आणि तिची बदनामी झाली हे कोर्टाने मान्य केलं. तुमच्या गटाने ज्याच्याबद्दल लिहिलं तो तर रीतसर खटला चालून सुटलेला माणूस आहे.

आता तक्ता. तुम्ही पाठवलेल्या दोन ओळी अशा आहेत: पहिल्या चित्रपटाला ९, ९, ८, ८, ३, ३, २, २. दुसऱ्याला ६, ६, ६, ६, ५, ५, ५, ५. दोन्हींची बेरीज ४४, दोन्हींची सरासरी साडेपाच. पहिल्या चित्रपटाने तुमच्या गटाचे उभे दोन तुकडे केले आणि दुसरा कुणाच्या लक्षातही राहिला नाही, पण तक्त्यात दोघे शेजारी शेजारी बसलेत. सरासरी फसवते म्हणून गुण ओळीने लावून मधला आकडा घ्यावा, असं काही जण सांगतात. इथे त्याचाही उपयोग नाही, कारण पहिल्या ओळीत मधले दोन आकडे ८ आणि ३ आहेत आणि त्यांच्या मध्यावर पुन्हा साडेपाचच येतात.

म्हणून सरासरीचा रकाना खोडा आणि त्या जागी तीन गोष्टी लिहा: सगळ्यात वरचा गुण, सगळ्यात खालचा गुण, आणि ‘हा चित्रपट दुसऱ्या कुणाला बघायला सांगाल का’ या प्रश्नाला आठांपैकी किती जणांनी हो म्हटलं. मग पहिली ओळ ‘९, २, आठांत चार’ अशी होईल आणि वर्षभराने वाचली तरी त्या रात्री काय झालं होतं ते कळेल.

बाहेरचे आकडे वादात आणताना ते कसले आहेत हेही सगळ्यांना माहीत हवं. समीक्षकांची मतं गोळा करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळावरचे ९० टक्के म्हणजे शंभरात नव्वद गुण नव्हेत. नव्वद टक्के समीक्षकांना चित्रपट बरा किंवा त्याहून चांगला वाटला, एवढाच त्याचा अर्थ. सगळ्यांनी ‘ठीक आहे, बघायला हरकत नाही’ म्हटलं तरी तिथे १०० टक्के दिसतील. ‘ताजा’ हा शिक्का ६० टक्क्यांपासून मिळतो. आयएमडीबी या चित्रपटांच्या संकेतस्थळावरचा दहापैकी आकडा लोकांच्या मतांचा असतो, पण ती साधी सरासरी नाही, मतांना कमीजास्त वजन दिलेलं असतं. शिवाय भयपटांना तिथे एकूणच हात आखडून गुण मिळतात, त्यामुळे साडेसहाचा भयपट आणि साडेसहाचा कौटुंबिक चित्रपट एका मापाने मोजू नका.

तुमच्या धाकट्या दिराचं कोडंही अशाच एका मापनातून सुटतं. अमेरिकेत सिनेमास्कोर नावाची संस्था पहिल्या रात्रीच्या प्रेक्षकांना थिएटरच्या दारातच विचारते आणि ए प्लसपासून एफपर्यंत श्रेणी देते. २०१८च्या ‘हेरेडिटरी’ या भयपटाला समीक्षकांनी डोक्यावर घेतलं आणि सिनेमास्कोरमध्ये त्याला डी प्लस मिळाली. त्याच्या पाच वर्षं आधी आलेल्या ‘द कॉन्ज्युरिंग’ला ए मायनस होती. दारातला प्रेक्षक ‘चित्रपट कसा आहे’ याचं उत्तर देतच नसतो. ट्रेलर बघून जे मिळेल वाटलं होतं ते मिळालं की नाही, याचं उत्तर तो देतो. तुमचा दीर तेच करतोय. त्याचे दोन गुण खोटे नाहीत, फक्त ते तुम्ही न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आहे. मैत्रिणीचे नऊही तसेच.

तेव्हा भयपटासाठी दोन वेगळे आकडे घ्या. ‘भीती’ शून्य ते पाच आणि ‘घडण’ शून्य ते पाच. त्यांची बेरीज करायची नाही, कितीही मोह झाला तरी. भीतीचा आकडा स्वतःच्या अंगाबद्दल असतो, तिथे कुणी कुणाशी वाद घालायचा नाही. दीर शून्य म्हणाला तर शून्य, मैत्रीण पाच म्हणाली तर पाच, आणि पाच म्हणणाऱ्याची टिंगल करायची नाही. घाबरल्याचं कबूल करायची लाज वाटायला लागली की सगळे खोटे आकडे देतात आणि तक्ता निकामी होतो. घडणीचा आकडा चित्रपटाबद्दल असतो, तिथे कारण द्यायलाच हवं, आणि तेही एका प्रसंगाचं नाव घेऊन. ‘मधे कंटाळा आला’ पुरेसं नाही. ‘ती तळघरात दुसऱ्यांदा उतरते तिथे आपल्याला आधीच सगळं ठाऊक असतं, तरी चार मिनिटं खर्ची घातलीत’ असं बोला.

घडण जोखताना एक प्रश्न नेहमी विचारा: चित्रपटाने स्वतःच घातलेला नियम त्याने पाळला का? भूत उजेडात येत नाही असं अर्ध्या तासात सांगितलं आणि शेवटी ते भर उजेडात आलं, तर का आलं हे चित्रपटातच सापडलं पाहिजे. भयपट बहुतेक वेळा इथेच फसतो. नियम सांगतो, आपण त्यावर विश्वास ठेवून घाबरतो, आणि शेवट गाठायच्या घाईत तो नियमच विसरतो.

शिवाय तक्त्यात चित्रपटाची जात लिहा: एकामागून एक खून पाडणाऱ्या मारेकऱ्याचा स्लॅशर, भुताटकी, शरीराच्या विद्रूप होण्यातून भिववणारा बॉडी हॉरर, पात्रांनीच केलेलं चित्रण सापडल्यासारखा फाउंड फुटेज, की हळूहळू तापत जाणारा स्लो बर्न. पहिल्या तासात काही घडत नाही ही स्लॅशरच्या बाबतीत तक्रार होऊ शकते. स्लो बर्नच्या बाबतीत तीच त्याची रीत आहे आणि त्या तासात ताण साचला की नाही एवढंच विचारायचं.

तुमच्या वादांत जंप स्केअर, म्हणजे अचानक दचकवणारा प्रसंग, हमखास येत असणार. ‘स्वस्तातली भीती’ म्हणून त्याला सरसकट मोडीत काढू नका. १९४२च्या ‘कॅट पीपल’मध्ये एक बाई रात्री एकटी चालली आहे, मागे कुणीतरी आहे असं वाटतंय, पावलांचे आवाज थांबतात, आणि शांततेत अचानक फुत्कारासारखा आवाज करत काहीतरी चौकटीत शिरतं. ती असते बस, ब्रेक लावत थांबलेली. निर्माते वॅल ल्यूटन यांच्या नावावरून या युक्तीला आजही ‘ल्यूटन बस’ म्हणतात. त्यात आवाज मोठा आहे म्हणून दचका बसत नाही. आधीची शांतता ताणलेली आहे आणि आपण चुकीच्या दिशेला बघतोय, म्हणून बसतो. चांगला आणि आळशी जंप स्केअर वेगळा काढायचा असेल तर तो प्रसंग मागे नेऊन आवाज बंद करून पुन्हा बघा. नुसत्या चित्रानेही छातीत कालवाकालव झाली तर तो मांडणीने कमावलेला आहे. काहीच वाटलं नाही तर तुम्हाला दचकवलं ते आवाजाच्या बटणाने. दुसरी कसोटी म्हणजे दचका बसून गेल्यावर गोष्टीत काही बदललं का. कपाटातून मांजर उडी मारते आणि सगळे हसून पुढे जातात, असं तीनदा झालं तर चौथ्या वेळी खरं भूत आलं तरी कुणी दचकत नाही.

आता बघण्याच्या जागेबद्दल, कारण निम्मी भांडणं तिथूनच सुरू होतात. प्रत्येकाच्या गुणांपुढे ‘थिएटर’, ‘टीव्ही’ किंवा ‘फोन’ असं लिहा. भयपटाची बरीचशी भीती खालच्या पट्टीतल्या घुमारात असते आणि फोनच्या इवल्याशा स्पीकरमधून तो घुमार जवळपास येतच नाही. एखादा जण शनिवारी चुकला आणि त्याने नंतर फोनवर बघून ‘काहीच नाही त्यात’ म्हटलं, तर हेडफोन लावले होते का ते आधी विचारा. टीव्हीवर दोन गोष्टी तपासा. हालचाल गुळगुळीत करणारी मोशन स्मूदिंगची सोय चालू असेल तर ती बंद करा, तिच्यामुळे चित्रपट दैनंदिन मालिकेसारखा दिसायला लागतो आणि अंधारातली हालचाल खोटी वाटते. आवाजाचा नाइट मोड चालू असेल तर तोही बंद करा, कारण हळू आणि मोठ्या आवाजातलं अंतर कमी करणं हेच त्याचं काम, आणि भयपट त्या अंतरावरच उभा असतो. चित्रासाठी भडक रंगांच्या व्हिव्हिड मोडऐवजी सिनेमा किंवा फिल्ममेकर मोड लावा. पडद्यासमोरचा दिवा मालवा, नाहीतर काळोख्या प्रसंगात तुम्हाला स्वतःचीच प्रतिबिंबं दिसतील. आणि मधे तीनदा थांबवून बघितलेल्या चित्रपटाला भीतीचा गुण देऊच नका, रकान्यात रेघ मारा.

गुण बोलून दाखवू नका, चिठ्ठीवर लिहा. चित्रपट संपला की पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही, आठही चिठ्ठ्या जमा झाल्यावरच तोंडं उघडायची. पहिला माणूस मोठ्याने ‘भिकार’ म्हणाला की सात मनात असलेला पाचवर येतो, आणि हे त्याच्या स्वतःच्याही लक्षात येत नाही. त्याच चिठ्ठ्या आठवड्याने पुन्हा भरून घ्या, जुन्या न दाखवता. काही भयपट दिवे लागेपर्यंतच भिववतात आणि काही तीन दिवसांनी रात्री पाणी प्यायला उठल्यावर आठवतात. हा फरक पहिल्या रात्रीच्या गुणांत दिसत नाही. पहिल्या मतावर फार विसंबू नये याचा मोठा दाखला म्हणजे ‘द शायनिंग’. १९८१मध्ये पहिल्यावहिल्या रॅझी पुरस्कारांत, म्हणजे वर्षातल्या सर्वांत वाईट कामांसाठी, त्याचे दिग्दर्शक आणि नायिका शेली डुव्हाल या दोघांना नामांकन होतं. २०२२मध्ये रॅझीवाल्यांनी डुव्हाल यांचं नामांकन मागे घेतलं.

माहितीपटाला हा तक्ता अजिबात लावू नका. तिथे ‘भीती’ हा रकाना असणंच गैर आहे, कारण पडद्यावर जे मेलेत ते खरोखर मेलेत. आणि तुमच्या गटाची खरी चूक इथेच झाली: ‘माहितीपट कसा आहे’ आणि ‘खून कुणी केला’ हे दोन प्रश्न एकाच गुणात कोंबले गेले.

हे दोन प्रश्न किती वेगळे असू शकतात ते २०१५च्या ‘द जिंक्स’ या माहितीपट-मालिकेत दिसतं. शेवटच्या भागात, ज्याच्यावर खुनांचा संशय होता तो रॉबर्ट डर्स्ट मुलाखतीनंतर स्वच्छतागृहात जातो, कपड्याला लावलेला माइक चालूच राहतो, आणि तो स्वतःशी पुटपुटताना ऐकू येतो: ‘मी हे काय करून बसलो? सगळ्यांना मारलं, अर्थातच.’ बघणाऱ्यांच्या अंगावर काटा आला. मग २०१९मध्ये खटल्याच्या कागदपत्रांतून मूळ ध्वनिमुद्रणाचा उतारा बाहेर आला. त्यात ‘सगळ्यांना मारलं, अर्थातच’ हे आधी होतं, मग दुसरीच कितीतरी तुटक वाक्यं, आणि ‘मी हे काय करून बसलो?’ त्यानंतर. संकलनात मधलं गाळून क्रम उलटा लावला होता. प्रश्न आणि त्याचं उत्तर अशी जी जोडी आपण ऐकली, ती संकलनाच्या टेबलावर तयार झाली. तरीही २०२१मध्ये ज्यूरीने डर्स्टला खुनासाठी दोषी ठरवलंच. म्हणजे माणूस दोषी आणि माहितीपटातली ती जागा अप्रामाणिक, दोन्ही एकाच वेळी खरं. तुमच्या तक्त्यात अशा माहितीपटाला कमी गुण देणाऱ्याला ‘म्हणजे तुला तो निर्दोष वाटतो का?’ असं कुणी विचारता कामा नये.

उलट्या बाजूने ‘मेकिंग अ मर्डरर’ घ्या, तोही २०१५चाच. दहा भाग बघून एक लाखाहून जास्त लोकांनी, एका तरुणीच्या खुनासाठी शिक्षा भोगणाऱ्या स्टीव्हन एव्हरीला माफी द्या म्हणून व्हाइट हाउसकडे अर्जावर सह्या केल्या. उत्तर आलं की राज्याच्या कायद्याखाली झालेली शिक्षा राष्ट्राध्यक्ष माफ करू शकत नाहीत. इतक्या तासांच्या मालिकेनंतर एवढी साधी गोष्ट लाखभर लोकांच्या हाती लागली नव्हती. शिवाय सरकारी वकिलांचा आक्षेप असा होता की मृत तरुणीच्या गाडीच्या बॉनेटच्या कडीवर सापडलेला एव्हरीचा डीएनए मालिकेत आलाच नाही. कित्येक आठवड्यांचा खटला दहा तासांत मावत नाही, काहीतरी गळणारच. पण जे गळलं ते सगळं एकाच बाजूचं आहे का, हे बघणं प्रेक्षकाच्या हातात आहे.

म्हणून माहितीपटाच्या रात्री एकाने वही घेऊन बसावं, पाळीपाळीने. कोण बोललं ते लिहायचं, आणि त्याहून महत्त्वाचं, कोण बोललं नाही. न बोललेल्यांना विचारलं होतं का, हे बहुतेक वेळा शेवटच्या पाट्यांवर येतं, त्या पाट्या पळवू नका. तारखा लिहायच्या. माहितीपट पुढे-मागे उड्या मारत असेल तर घटना एका सरळ रेषेत मांडून बघा, कधीकधी ‘धक्कादायक वळण’ म्हणून दाखवलेली गोष्ट पोलिसांना दुसऱ्याच दिवशी कळलेली असते. मग दृश्यं: खरं चित्रण कुठलं, नटांकडून करून घेतलेलं कुठलं, आणि नुसती वातावरणासाठी घातलेली पावसाळी खिडकी कुठली. नाट्यरूपांतर करणं वाईट नाही. १९८८च्या ‘द थिन ब्लू लाइन’मध्ये एकच रात्र वेगवेगळ्या साक्षींप्रमाणे पुन्हा पुन्हा करून दाखवली आहे, म्हणजे ‘हे असं घडलं’ न म्हणता ‘हा असं म्हणतो’ एवढंच ते दृश्य म्हणतं. त्यातला शिक्षा भोगणारा माणूस पुढच्याच वर्षी सुटला. अलीकडे मृत व्यक्तीच्या लिखाणाला तिच्यासारखा कृत्रिम आवाज देण्याची पद्धत आली आहे. तो आवाज कृत्रिम असल्याचं ठळकपणे सांगितलं का, हेही वहीत यायला हवं, आणि सांगितलं असलं तरी ज्यांना ते खटकतं त्यांचं खटकणं रास्त आहे.

दोन मोजमापं घड्याळ लावून करा. मेलेल्या माणसाच्या आयुष्याला किती मिनिटं दिली आणि त्याच्या मरणाला किती. आणि प्रत्येक भागाच्या शेवटी टांगून ठेवलेला प्रश्न पुढच्या भागात किती मिनिटांत विरून गेला. तीन मिनिटांत विरला असेल तर चार भागांची मालिका दीड तासात संपली असती.

चर्चेआधी वीस मिनिटं काढून त्या खटल्याच्या निकालाची किमान एक सविस्तर बातमी वाचा, जमल्यास निकालपत्रच. आणि शब्द नीट वापरा. ज्याची नुसती चौकशी झाली तो संशयित, ज्याच्यावर आरोप ठेवला तो आरोपी, कोर्टाने ठरवला तरच दोषी. सुटलेल्या माणसाबद्दल ‘मला पुरावा पटला नव्हता असं नाही, पण कोर्टाला पुरेसा वाटला नाही’ असं म्हणायला पूर्ण मुभा आहे. ‘खुनी’ म्हणायला नाही. खोलीतही नको, आणि लिहून तर मुळीच नको. पडद्यावर दिसलेल्या कुणाही खऱ्या माणसाचं खातं, पत्ता, नोकरी शोधायची नाही, हा नियम तक्त्याच्या पहिल्या पानावर लिहा. मेलेल्याच्या नातेवाइकांचीही नाही, सहानुभूती दाखवायलासुद्धा नाही.

भयपटावर ‘सत्य घटनेवर आधारित’ अशी पाटी असेल तर तिला गुण देऊ नका. १९७४च्या ‘द टेक्सास चेनसॉ मॅसॅकर’च्या सुरुवातीला ही खरी शोकांतिका असल्याचं सांगितलं जातं. गोष्ट रचलेली आहे. विस्कॉन्सिनमधल्या एड गीन या गुन्हेगारावरून काही कल्पना घेतल्या, बाकी सगळं लेखकांचं. अशा चित्रपटांना भयपटाचाच तक्ता लावा.

राहिल्या तुमच्या नणंदबाई. त्या उठून गेल्या ते चित्रपटामुळे, त्या चौघांच्या बोलण्यामुळे, की त्या प्रकरणात त्यांना स्वतःच्या आयुष्यातलं काही दिसलं, हे तुम्हाला माहीत नाही, आणि गटात विचारायची ती गोष्टही नाही. एकट्या जाऊन भेटा, मजकूर काढून टाकला एवढं सांगा, ‘परत ये’ म्हणू नका. पुढच्या दोन शनिवारी काय बघणार ती नावं त्यांना कळवा आणि सोबत त्यात काय काय आहे तेही: लहान मुलाचा मृत्यू, आत्महत्या, लैंगिक अत्याचार, जनावराला इजा. ‘डझ द डॉग डाय’ नावाच्या संकेतस्थळावर प्रेक्षकांनीच अशा गोष्टींची नोंद चित्रपटाप्रमाणे केलेली असते, शोधायला दोन मिनिटं लागतात. ही यादी सगळ्या आठांना पाठवत जा, म्हणजे त्यांच्यासाठी वेगळं काही केलंय असं त्यांना वाटणार नाही. आणि माहितीपटाच्या रात्री न येता नुसत्या भयपटाला यायचं असेल तर तशी सोय सगळ्यांनाच ठेवा. तक्त्यात त्यांच्या रकान्यात रेघ येईल, नाव खोडलं जाणार नाही.

येत्या शनिवारी माहितीपट नको, दीड तासाचा एखादा भयपट घ्या. आठ कोऱ्या चिठ्ठ्या आधीच कापून ठेवा. वही धरायची पहिली पाळी धाकट्या दिराला द्या.